बावीस नंबर, तीन जोड

१

बुधवारी सकाळी साडेआठला मार्गो फेंटनने कोच हॅस्केटच्या खोलीचं कुलूप उघडलं, आणि टेबलावर वही नव्हती.

बाकी सगळं जागच्या जागी होतं. शिट्टी होती. खुंटीवर पातळ निळं जाकीट होतं, खांद्यांना अजून कोचचा आकार होता. भिंतीवरच्या फोटोंत एकेका सालाचे संघ ओळीने उभे होते, कुणाच्याही चेहऱ्यावर हसू नसलेले. कुलूप धड, खिडकी धड. फक्त टेबलाच्या मधोमध हातभर जागा रिकामी, आणि त्या जागेशेजारी कोचचा चष्मा, मिटलेला, भिंगं वर करून ठेवलेला, सकाळच्या उन्हात लख्ख.

सार्जंट डेल्फीन रॉलिन्स मैदान ओलांडून पायीच आली. कॉलेजच्या पोलिसात तिची अडतीस वर्षं झाली होती आणि निवृत्तीला एकोणीस दिवस राहिले होते. गुडघे मात्र तिच्याआधीच निवृत्त झाले होते. दारात येऊन तिने आधी चौकटीला हात टेकला, मग डोळे वर केले.

"बस, मार्गो. तू आधी बस. मग सांग."

मार्गो कॉलेजच्या ग्रंथालयातली. कोच एप्रिलमध्ये गेले, तेव्हापासून ही खोली जशी होती तशी जपायचं काम तिच्याकडे होतं. शनिवारी बाहेर त्यांचा पुतळा उघडणार होता आणि लोकांना खोली दाखवणार होते.

"वही सोमवारी सापडली. खणाच्या मागे पडली होती. मी काल टेबलावर ठेवली, वर त्यांचा चष्मा. उघडा, जसं आत्ताच वाचता वाचता उठून गेलेत. भिंगावर त्यांच्या अंगठ्याचा ठसा होता, तोसुद्धा मी पुसला नाही. काल दुपारी तीनला मी कुलूप लावून गेले."

"वहीत काय होतं?"

मार्गोने खाली बघितलं. "तुम्हाला माहीतच आहे, सार्जंट."

माहीत होतंच. टॅनर्स फोर्ड गावात कुणाला माहीत नव्हतं? ज्या काळी कॉलेजच्या खेळाडूला एक डॉलर देणं नियमाने पाप होतं, त्या काळी कोचचा फुटबॉल संघ वर्षामागून वर्षं जिंकत होता. शहाऐंशी साली चौकशी आली. कुणीतरी त्या वहीतला एक कोपरा फाडून पाठवला होता. त्यावर एकच ओळ होती : 'बावीस – तीन जोड.' जोड म्हणजे शंभराची नोट असणार, असं चौकशीवाल्यांनी ठरवलं. बावीस नंबरची जर्सी थॅडियस पर्डीची. त्याला काढून टाकलं. संघ वाचला, कोच वाचले.

"मी दोन-चार पानंच चाळली," मार्गो म्हणाली. "नुसते आकडे आणि जोड. 'एकेचाळीस – एक जोड.' एका ठिकाणी तर 'एकशे तेरा – एक जोड, आजी वारली' असं होतं. म्हटलं, कोचचं लिहिताना चुकलं असेल. तारखा नीट होत्या सगळ्या. उद्या मी त्याची प्रत काढणार होते. परवा समितीला द्यायची होती ना."

परवा, शुक्रवारी दहा वाजता, कॉलेजची समिती थॅड पर्डीचा, निर्दोष ठरवा म्हणून केलेला अर्ज ऐकणार होती. अडतीस वर्षांनी.

"किल्ल्या किती?"

"चार. माझी, तळघरातल्या एमेटची, स्टॅनर्ड साहेबांची. आणि कोचच्या जुन्या जुडग्यातली, ती त्यांच्या पत्नीकडे, मिस विनींकडे. पण त्या एप्रिलपासून इकडे फिरकल्या नाहीत." मार्गो घुटमळली. "आणि सार्जंट, काल चार वाजता थॅड पर्डी इथे आला होता. सफाईवाल्यांनी त्याला या दारात उभा पाहिला."

२

क्ले स्टॅनर्डचं पिकअप गाड्यांचं दुकान हमरस्त्यावर होतं. दुकानापेक्षा मोठी त्याच्यावरची पाटी, आणि पाटीवर यंदाचा क्वार्टरबॅक, संघाचा मुख्य खेळाडू, एकोणीस वर्षांचा, टायरला मिठी मारून हसणारा. त्या हसण्याचे त्याला वर्षाला किती मिळतात ते वर्तमानपत्रात छापून आलं होतं. आता सगळं उघड होतं. करार होता, सही होती, कर होता. खेळाडूंना पैसे देणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष स्टॅनर्ड, आणि पुतळ्याचा खर्चही त्याचाच.

"या सार्जंट बाई, कॉफी घ्या. तुमच्या कॉफीपेक्षा वाईट नाही, शपथ."

"तेवढी वाईट कॉफी बनवायला पोलिसातच लागतं."

तो हसला. साठीचा झाला तरी हसू क्वार्टरबॅकचंच होतं. "थॅडला आत घेतलंत की नाही?"

"का घेऊ?"

"का म्हणजे? वहीत त्याचा नंबर आहे. शुक्रवारी ती समितीपुढे आली की झालं त्याचं. मग वही नाहीशी झाल्यावर फायदा कुणाचा?"

"वही वाचलीत तुम्ही?"

"नाही बुवा."

"मग त्याचा नंबर आहे हे कसं कळलं?"

"अहो, सगळ्या जगाला माहीत आहे." त्याने कपाची कड पुसली. पुसण्यासारखं तिथे काही नव्हतं. "मी त्याच संघात होतो. सात नंबर. घ्या लिहून. त्या वहीत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सात सापडला तर दुकानातली कुठलीही गाडी घेऊन जा."

"फारच खात्री आहे तुमची."

"माणसाला स्वतःची खात्री नको का?"

"काल संध्याकाळी कुठे होतात?"

"इथेच. आणि माझी किल्ली त्या खिळ्याला, हलली नाही. विचारा कुणालाही." तो उठला. "खरं सांगू, सार्जंट बाई? ती वही हरवली तर देवाचीच कृपा म्हणा. म्हाताऱ्याला दगडात तरी सुखाने उभं राहू द्या."

बाहेर येऊन गाडीत बसताना डेल्फीनने गुडघा दोन्ही हातांनी उचलून आत घेतला. जो माणूस वही वाचली नाही म्हणतो, तो तीत काय नाही हे एवढं छातीठोक कसं सांगतो?

३

शाळेच्या बसगाड्यांच्या आवारात थॅडियस पर्डी बसच्या पायऱ्या झाडत होता. सत्तावन्नाचा होता. खांदे अजून दाराएवढे होते, पण दार आता थोडं एका बाजूला कललं होतं.

"या सार्जंट. वाटच बघत होतो. यायला दुपार झाली म्हणजे आधी गाड्यांच्या दुकानात गेला असाल."

"काल कोचच्या खोलीत काय करत होतास, थॅड?"

"फोटो बघत होतो. दार उघडं नव्हतंच. काचेतून बघितलं." त्याने झाडू दाराला टेकवला. "शहाऐंशीचा संघ. कडेला एक कोपर दिसतं बघा. ते माझं. बाकीचा मी कात्रीने कापला गेलो."

डेल्फीन पहिल्या पायरीवर बसली. ती तेव्हा नोकरीला नवी लागलेली, पंचवीस वर्षांची. वरिष्ठांनी सांगितलं, त्या पोराला वसतिगृहातून बाहेर काढ. ती पुढे आणि मागे सुटकेस घेऊन हा, एकोणीस वर्षांचा. वाटेत एका शब्दाने बोलला नाही. फाटकाशी मात्र म्हणाला होता, "थँक यू, मॅडम." ते थँक यू तिला अजून पचलं नव्हतं.

"वही तू घेतलीस?"

"मी? सार्जंट, ती वही मलाच पाहिजे होती! मी घेतलेच नाहीत तर माझं नाव तिच्यात असेलच कसं? असलं तर कसं आलं, तेही तिच्यातूनच कळलं असतं. आता काय राहिलं? तो फाटका कोपरा. 'बावीस – तीन जोड.'"

"कोच तेव्हा तुझ्याबद्दल काय बोलले होते?"

"चौकशीवाल्यांनी त्यांना विचारलं, बावीस नंबर कोण? ते म्हणाले, बावीस म्हणजे पर्डी." थॅड हसला, पण त्या हसण्याला दम नव्हता. "त्यात खोटं काय होतं? बावीस मीच होतो. तेवढंच बोलले, आणि गप्प बसले. त्या गप्प बसण्याने मला खाल्लं."

"आज पोरं पाटीवर हसून पैसे घेतात," डेल्फीन म्हणाली.

"घेऊ देत. त्यांच्या हाडांची किंमत आहे ती. मी कुणाच्या ताटातलं बघत नाही. कधीकधी वाटतं, घेतले असते तर बरं झालं असतं. निदान त्या हिवाळ्यात मम्माच्या घरात हीटर आला असता." त्याने झाडू पुन्हा हातात घेतला. "मला संघाचं जाकीट नको, सार्जंट, भिंतीवर नाव नको. मम्मा नव्वदीला आली. तिच्या डोळ्यांदेखत एकदा कुणीतरी म्हणायला हवं की पर्डीच्या पोराने घेतले नव्हते. ती गेल्यावर म्हटलं तर ते मी कुणाला ऐकवू?"

डेल्फीनने कठडा धरला आणि ती उठली.

"बसा हवं तर अजून," थॅड म्हणाला. "बस कुठे पळून जात नाही."

"मी बसले तर उठणार नाही, म्हणून भीती."

४

मैदानाखालच्या तळघरात एमेट लाँगएकरचं राज्य होतं. चौऱ्याहत्तर वर्षांचा एमेट सेहेचाळीस वर्षं संघाचे कपडे धूत होता. साबणाची वाफ, ओल्या सुताचा वास, आणि धुण्याच्या यंत्रांच्या मोठ्या ढोलांची घरघर. टेबलाशी उभा राहून तो मोजे जुळवत होता आणि पुटपुटत होता, स्वतःच रचलेलं, स्वतःपुरतं :

*डावा ग सापडला, उजवा गेला कुठं,*
*जोडीविना मोज्याला घडीत जागा कुठं.*

"एमेट, आवाज छान आहे. पण गाणं दुःखी आहे."

"मोज्यांचं आयुष्यच दुःखी, डेल्फी. ये, त्या उलट्या टोपलीवर बस. वहीचंच ना? मी नाही नेली. किल्ली माझ्या पट्ट्याला आहे, काल पाचला घरी गेलो, बायकोने भोपळा चिरायला लावला. विचार तिला, अजून कुरकुरते आहे."

डेल्फीन बसली. समोर एका खेळाडूचा धुण्याचा पट्टा पडला होता. सुती पट्टी, टोकाला कडी. मळके मोजे, चड्डी, बनियन त्यात ओवायचे, कडी लावायची आणि अख्खा पट्टा ढोलात टाकायचा. धुऊन आला की ज्याचा त्याला. कडीवर नंबर असतो.

"हे नंबर जर्सीचेच ना?"

"आता जर्सीचेच. संगणकवाल्यांनी तसं करायला लावलं."

तिची नजर त्याच्या पाठीमागच्या भिंतीवर गेली. काळपट लाकडी फळी, फळीवर खुंट्या, खुंट्यांखाली पांढऱ्या रंगाने रंगवलेले आकडे. रंग उडाला होता, पण वाचता येत होते. एकपासून सुरुवात. ओळीमागून ओळ. खालच्या ओळीच्या शेवटी एकशे वीस.

बराच वेळ ती बघत राहिली. थकल्या माणसाला एक फायदा असतो, तो एका जागी पुरेसा वेळ बसतो.

"एमेट."

"हं."

"जर्सीचे नंबर नव्याण्णवला संपतात."

एमेटच्या हातातला मोजा खाली पडला. तो उचलायला वाकला नाही.

"मग एकशे तेरा नंबर कोणाचा होता रे? ज्याची आजी वारली होती?"

५

एमेटने सगळे ढोल एकेक करून बंद केले. तळघर इतकं शांत झालं की पाण्याच्या नळाचा थेंब ऐकू येऊ लागला.

"हँक डूली," तो म्हणाला. "बाकावर बसणारा पोरगा. आजीच्या मातीला जायला बसचे पैसे नव्हते. कोचने एक जोड दिला."

"जोड म्हणजे?"

"म्हणजे मोज्यांचा जोड. आणखी काय? धुतलेला जोड मी घडी घालायचो, आत नोट. पट्ट्यात ओवायचो, कडी लावायचो. कुणी कुणाच्या हातात काही दिलं नाही, कुणी कुणाकडून घेतलं नाही. कोच म्हणायचे, मी तुला आकडा आणि जोड सांगतो, तू धुणं बघ. मला जर्सीचा नंबर काय कामाचा? पोरं दरवर्षी जर्सी बदलायची. पट्टा मात्र पहिल्या दिवशी मिळाला तो शेवटपर्यंत. जो आधी आला त्याला आधीचा आकडा."

"बावीसचा पट्टा कुणाचा होता, एमेट?"

त्याने चेहऱ्यावरून ओला हात फिरवला. "आज सकाळी कुठे गेली होतीस तू?"

"गाड्यांच्या दुकानात."

"मग कशाला विचारतेस?"

एमेटने खाली पडलेला मोजा उचलला.

"क्लेला पैशाची गरज नव्हती," एमेट म्हणाला. "बापाचं दुकान होतं. पण टेक्सासवाले त्याला ओढत होते, म्हणून तीन जोड. आणि चौकशी आली तेव्हा मोठ्या सामन्याला नऊ दिवस होते. क्वार्टरबॅक गेला असता तर सगळंच गेलं असतं. बाहेर फळ्यावर लागलं, बावीस नंबर दोषी. मी वाचलं आणि तसाच निघालो. वर गेलो. कोच खुर्चीत बसले होते, दिवा न लावता. माझ्याकडे न बघता म्हणाले, एमेट, तू धुणं बघ."

"आणि तू धुणं बघितलंस."

"पाच पोरं होती माझी, डेल्फी." मग अगदी हळू, "हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय ना, आता मलाही कंटाळा आला त्याचा."

"म्हणजे वही नाहीशी व्हावी असं तुला वाटण्यासारखं होतं."

"होतं. मनातल्या मनात शंभरदा जाळली. पण हात लावला नाही."

डेल्फीनचा विश्वास बसला, पण विश्वासावर काही सिद्ध होत नाही. टेबलावरची एक गोष्ट सकाळपासून तिच्या डोळ्यांत खुपत होती. "एमेट, तू दिवसभर घड्या घालतोस. कोचचा चष्मा कधी पुसून मिटून ठेवलास?"

"मी?" इतक्या दुःखातही त्याला हसू आलं. "त्यांच्या चष्म्याला हात लावायची कुणाची टाप होती! आम्ही तर लांबूनच सांगायचो, कोच, भिंगावर बोटं उमटलीत. त्या चष्म्याला मिस विनींशिवाय कुणी..."

आणि तो बोलता बोलता थांबला.

६

विनिफ्रेड हॅस्केटचं घर गुरुवारी सकाळी पुसून-झाडून स्वच्छ होतं, जसं पाहुण्यांसाठी असावं तसं. एक्याऐंशी वर्षांच्या मिस विनींनी पेकनच्या दाण्यांची गोड पाई कापून पुढे ठेवली, कॉफी ओतली, आणि खुर्चीत ताठ बसल्या.

"घे डेल्फीन. वाळली आहेस."

"मिस विनी, हे मला गेल्या तीस वर्षांत कुणी म्हटलेलं नाही. देव तुमचं भलं करो." डेल्फीनने एक घास घेतला, मग काटा खाली ठेवला. "चोराला घाई असते. चष्मा सारतो, वही उचलतो, जातो. परवा जे कुणी खोलीत गेलं त्याने चष्मा उचलला, भिंगावरचा अंगठ्याचा ठसा पुसला, दांड्या मिटल्या, आणि ओरखडा पडू नये म्हणून भिंगं वर करून ठेवला. हाताला कळलंच नसेल आपण काय करतोय ते."

मिस विनींनी मांडीवरच्या रुमालाची घडी केली, मोडली, पुन्हा केली.

"पन्नास वर्षं," त्या म्हणाल्या. "रोज. मेला कधी स्वतः पुसायचा नाही. धुरकट काचेतूनच जग बघायचा." आवाज बारीक झाला. "मार्गोने सोमवारी फोन केला, वही सापडली म्हणून. मी मंगळवारी सहाला गेले. जुडगं होतंच."

"पुतळ्यासाठी?"

"पुतळ्यासाठी!" त्या अशा काही बघत्या झाल्या की डेल्फीनला ओशाळल्यासारखं झालं. "त्या दगडाचं मला काय? थॅडसाठी गं. दर रविवारी तो चर्चच्या दारात मला हात देतो. माझ्या नवऱ्याने ज्याला बुडवला तो, मला पायरी उतरायला हात देतो. म्हटलं, वही समितीपुढे गेली तर त्याचा बावीस पुन्हा सगळ्यांसमोर वाचतील. म्हाताऱ्या आईसमोर. घेतले असतील पोराने तीन जोड, त्यात एवढं काय? आता तर पाटी लावून घेतात. एकदा उघडा पाडलाय त्याला. दुसऱ्यांदा कशाला?"

डेल्फीनने डोळे मिटले. सकाळ नुकती सुरू झाली होती आणि तिला संध्याकाळ झाल्यासारखं वाटत होतं.

"मिस विनी, जाळलीत का वही?"

"कागद जाळायला मन होईना. त्याचं अक्षर आहे." त्या उठल्या, भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेल्या, आणि बर्फाच्या पेटीतून गोठलेल्या भेंडीच्या तीन पिशव्या बाहेर काढून ठेवल्या. त्यांच्याखाली, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, हिरव्या पुठ्ठ्याची वही होती.

"उघडा," डेल्फीन म्हणाली. "बावीस पहिल्यांदा कुठे येतो ते बघा. शेजारी तारीख असेल."

गार पानं एकमेकांना चिकटली होती. मिस विनींनी ती सोडवली, डोळ्यांजवळ नेली.

"मार्च, चौऱ्याऐंशी. 'बावीस – तीन जोड.' पुन्हा सप्टेंबर, चौऱ्याऐंशी."

"थॅड कॉलेजात कधी आला?"

"पंच्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये. मला आठवतं, माझ्या हातचा पीच कॉबलर खाऊन त्याने..." त्यांचं बोट कागदावर थांबलं. ओठ हलत होते, त्या महिने मोजत होत्या. एकदा मोजले, पुन्हा मोजले.

डेल्फीनने पट्ट्यांचं सांगितलं. खुंट्यांचं, मोज्यांचं, एमेटचं. क्ले स्टॅनर्डचं नाव तिने अगदी शेवटी घेतलं.

"म्हणजे त्याला वाचवायची वस्तू मी भेंडीखाली पुरून ठेवली होती."

"तुम्ही जर्सीचा नंबर वाचलात. सगळ्यांनीच वाचला. या गावात बावीस म्हटलं की पाठीवरचा आकडाच डोळ्यांपुढे येतो. मोज्यांचा विचार कोण करतं?"

"माझ्या रॉयने केला होता." मिस विनी पेटीचं झाकण धरून उभ्या होत्या. "त्याला माहीत होतं. बावीस कोण विचारलं, त्याने पर्डी सांगितलं. बावीस कुणाचा पट्टा, हे त्यांनी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. इतकंच ना?"

"इतकंच."

"एकशे तेराला आजीच्या मातीसाठी पैसे देणारा माणूस तोच." त्यांनी वही मिटली. "दोन्ही तोच होता गं. मी कुठल्याशी लग्न केलं होतं?"

डेल्फीनने वही त्यांच्याच हातात राहू दिली. "मी कोर्टाचा कागद आणलेला नाही, मिस विनी. वही तुमच्या नवऱ्याची आहे. ती समितीपुढे गेली तर शनिवारी पुतळा उघडेल असं वाटत नाही."

म्हातारीने भेंडीच्या पिशव्या एकेक करून परत आत ठेवल्या. झाकण लावलं.

"उद्या दहाला ना? मला न्यायला ये. गाडी चालवताना माझे हात कापतात. आणि ती पाई संपव."

७

शुक्रवारी समितीने अकरा वाजेपर्यंत ऐकलं. मिस विनींनी वही स्वतःच्या हाताने टेबलावर ठेवली आणि तारखा स्वतःच वाचल्या. एमेट टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि अडतीस वर्षांचं पाच मिनिटांत बोलून टाकलं. क्ले स्टॅनर्डला फोन लावला. तो पहिल्यांदा हसला, मग त्याला एकशे तेरा नंबरबद्दल विचारलं, मग फोनवर बराच वेळ नुसता गाड्यांचा आवाज येत राहिला. शेवटी तो म्हणाला, "मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो."

"थॅड एकोणीस वर्षांचा होता," समितीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि त्यांनी ते नोंदवून घेतलं.

बाहेर थॅड कडेच्या बाकावर बसला होता. निर्णय ऐकून तो उठला नाही.

"कोचला माहीत होतं?"

"होतं," डेल्फीन म्हणाली.

"बरं झालं तुम्हालाच विचारलं. कोणी दुसरं सांगितलं असतं तर मी मानलं नसतं." त्याने तळहात गुडघ्यांवर घासले. मिस विनी हळूहळू त्याच्याकडे येत होत्या. तो उठला आणि सवयीने त्यांना हात दिला. मग त्याने मान वळवली. "सार्जंट, मम्माकडे तुम्ही चला. मी सांगितलं तर तिला वाटेल पोरगा तिची समजूत घालतोय."

मदर पर्डी पुढच्या ओसरीत बसून वाटाणे सोलत होती. मांडीवर परात, पायाशी सालांचा ढीग. नजर अधू झाली होती, पण गणवेश तिने फाटकातूनच ओळखला आणि तिचे हात थांबले.

डेल्फीन पायरीवर उभी राहूनच बोलली. साध्या शब्दांत, एकही न गाळता. पट्टे, मोजे, तारखा, बावीस कुणाचा ते. शेवटी म्हणाली, "मॅडम, तुमच्या मुलाने पैसे घेतले नव्हते. कॉलेजने आज तसं लिहून दिलंय. त्याला फाटकापर्यंत पोचवणारी मी होते. तेही तुम्हाला सांगायला हवं होतं."

म्हातारीने वाटाण्यांमध्ये बोटं फिरवली.

"अडतीस वर्षं मी याला विचारलं नाही," ती म्हणाली. "एकदासुद्धा नाही. याला वाटलं असेल, मम्माचा माझ्यावर विश्वास आहे म्हणून विचारत नाही."

थॅड पायरीवर खाली बसला.

"तसं नव्हतं रे. तू हो म्हणालास तर मला सोसलं नसतं. आणि नाही म्हणालास तर..." तिने मान हलवली. "तर मला ते खरं वाटलं नसतं. म्हणून नाही विचारलं."

अंगणात ऊन पडलं होतं.

"थॅडी."

"हं, मम्मा."

"घेतले होतेस का?"

"नाही, मम्मा."

तिने परात उचलून दोघांच्या मध्ये ठेवली, थोडे वाटाणे त्याच्या ओंजळीत घातले, आणि डेल्फीनला म्हणाली, "वर ये पोरी. तुझे गुडघे दुखताहेत, दिसतंय मला."